पांढरा बॉल कुठे थांबवायचा?

आमच्या आष्टीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. "तुमची पोरगी पुण्यात पूल खेळायला जाते म्हणे," असं कुणीतरी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं, झालं! दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. शेवटी हे म्हणाले, "तू जाऊन बघून ये. योग्य वाटलं नाही तर सरळ घेऊन ये." लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घेऊन ये म्हणजे काय, ते मला कळत होतं.

परतूरहून रेल्वे, पुढे एसटी, असं करत पुण्याला पोचले. संध्याकाळी लेकीसोबतच तिच्या त्या हॉलवर गेले. मनात सिनेमातलं चित्र: धूर, अंधार, टवाळ पोरं. तिथं लख्ख उजेड होता आणि आणखी दोन मुली खेळत होत्या. मी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

"आई, तुझ्या कॅरमसारखंच आहे," ती म्हणाली. माहेरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला कुणी हरवत नसे, हे तिला ठाऊक! "फरक एवढाच, की तुझा स्ट्रायकर दर वेळी हातात परत येतो. इथं पांढरा बॉल जिथं थांबेल, तिथूनच पुढचा फटका मारायचा."

त्यांचा खेळ होता स्ट्रेट पूल. रंगीत बॉल पंधरा. कोणताही घाला, पण कोणता बॉल कोणत्या पॉकेटात ते आधी सांगायचं. एका बॉलला एक गुण. चौदा गेले की शेवटचा टेबलावर तसाच ठेवायचा आणि बाकीचे चौदा पुन्हा त्रिकोणात रचायचे. मग तो उरलेला घालता घालता पांढऱ्यानं नवा त्रिकोण फोडायचा. चुकेपर्यंत डाव तुमचाच. अमेरिकेच्या विली मॉस्कोनीने 1954 मध्ये असे सलग 526 बॉल घातले होते. तो विक्रम 2019 पर्यंत टिकला!

समोरच्या मुलानं दणक्यात एक लांबचा बॉल घातला. मी टाळी वाजवणार होते, पण त्याचा पांढरा बॉल पळत जाऊन कडेच्या कुशनला चिकटला. आता काठी नीट लागेना. पुढचा फटका हुकला.

लेकीचा डाव आला. तिनं जवळचा साधा बॉल निवडला. पांढरा जेमतेम वीतभर सरकला. "पांढऱ्याला जेवढं कमी पळवशील, तेवढ्या चुका कमी," ती हळूच म्हणाली. "आणि एक ठिपका धरून तिथंच थांबवायचा हट्ट करायचा नाही. पुढच्या फटक्याच्या रेषेवरूनच पांढरा आणायचा. मग थोडा अलीकडे थांबला किंवा थोडा पुढे गेला, तरी फटका उरतो. रेषेला आडवा आणला, तर जरा चुकलं की संपलं."

मग तिला बॉलचा घट्ट गठ्ठा फोडायचा होता. पण आधी तिनं बाजूला एक सोपा बॉल मुद्दाम राखला. का, तर गठ्ठा कसाही फुटला तरी तो हाताशी असावा. मला पटकन कळलं. "म्हणजे राणी घेण्याआधी कव्हर बघून ठेवतो, तसं!" ती खुदकन हसली.

पुढे एकदा खात्रीचा फटकाच नव्हता. तेव्हा तिनं उगाच धाडस केलं नाही. पांढरा असा लपवून ठेवला, की समोरच्यालाही काही दिसेना. तरी शेवटी ती हरली. पण चिडली नाही.

तिनंच सांगितलं, की अमेरिकेची जीन बालुकस 1969 मध्ये नऊ वर्षांची असताना मोठ्या बायकांच्या स्पर्धेत उतरली होती आणि पुढे 1972 पासून सलग सात वर्षं तिनं ती जिंकली. बिलियर्ड्समध्ये भारताला 1958 मध्ये पहिलं जगज्जेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स जन्मानं पुण्याचेच. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

रात्री खोलीवर तिनं विचारलं, "आई, मला घेऊन जाणार आहेस का?" आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "तुझं कव्हर दाखव." तिनं निकाल दाखवला. सगळे विषय सुटले होते. टेबलाचे पैसे ती शिकवण्या घेऊन भरते, हेही तेव्हाच कळलं. मी अट घातली: आठवड्यातून दोनदाच, अंधार पडायच्या आत परत, आणि एक विषय जरी राहिला तरी खेळ बंद. तिनं मान डोलावली.

एकटीच परत आले. हे ओट्यावर वाट पाहत होते. सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हरली म्हणतेस? कुठं चुकली?"

मी आत जाऊन माळ्यावरचा कॅरम काढला. म्हटलं, बसा, दाखवते.