आधी लेस, मग कापड

लिननचा जुना टेबलक्लॉथ पिवळा पडला की बहुतेकांचा हात सगळ्यात आधी क्लोरीनच्या ब्लीचकडे जातो. ती बाटली जागेवर ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. क्लोरीन पिवळेपणा घालवतं, पण सोबत धागाही कुरतडतं. लिननचं घट्ट विणलेलं अंग ते एखाद वेळ सोसेल, कडेची हातविणीची लेस सोसणार नाही. आणि माझ्या मते अशा कापडाचा जीव लेसमध्येच असतो.

गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांच्या पेटाऱ्यांत अशी कापडं अजून सापडतात. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, घरच्या वेदीवर घालायची वस्त्रं आणि कडेने घरातल्याच कुणी विणलेली क्रोशाची लेस. मी गोव्यात गेले की ओळखीपाळखीतून ती पाहायला जातेच. दक्षिण गोव्यातल्या एका घरी वयस्क मालकिणीने पेटारा उघडला आणि माझ्या हातात पहिली घडी देण्याआधी सांगितलं, “धुतना पिळूं नाका गो बाय.” या विषयावरचं निम्मं शहाणपण त्या वाक्यात आहे.

पिवळेपणा कुठून येतो? लिनन म्हणजे अळशीच्या देठातला तंतू, म्हणजेच सेल्युलोज. हवा आणि उजेडाने ते हळूहळू विघटित होतं आणि त्यातून आम्लधर्मी, पिवळसर द्रव्यं तयार होतात. नीट न खळबळलेला साबण, खळ, हाताचं तेल यांची त्यात भर पडते. लाकडी कपाट आणि साधा पुठ्ठाही आम्ल सोडतात, म्हणून घडीच्या बाहेरच्या कडा बऱ्याचदा जास्त पिवळ्या दिसतात. यातलं बरंचसं पाण्यात विरघळतं. नुसत्या स्वच्छ थंड पाण्यात कापड भिजत ठेवलं, तर थोड्या वेळात पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ते ओतायचं, नवं घ्यायचं, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करायचं. कुठलीही पावडर त्यानंतर.

पण भिजवण्याच्याही आधी लेस बघायची. भिंगातून, आणि उलट बाजूने. क्रोशाची लेस तशी चिवट असते; साखळ्या, खांब, मुके खांब एकमेकांत अडकलेले असतात. टॅटिंगमध्ये बारीक गाठींची कडी असतात, तीही टिकाऊ. खरी दुखरी जागा असते ती लेस कापडाला जिथे टाचली आहे तिथे. कापड लिननचं, लेसचा दोरा बऱ्याचदा सुती, आणि टाके घातलेला दोरा तिसराच. तिघांचं आटणं वेगळं, म्हातारपणही वेगळं. बरेचदा तो तिसरा दोराच आधी तुटतो. त्याला हात लावला की कडकडीत लागतो. असे टाके पाण्यात घालण्याआधी बारीक सुती दोऱ्याने पक्के करावेत. सुटलेला एखादा फास असेल तर तोही गाठून घ्यावा, नाहीतर पाण्यात तो वर वर उसवत जातो. मग संपूर्ण किनार मच्छरदाणीच्या जाळीवर सैल धावदोऱ्याने टाचायची आणि जाळीसकट भिजवायची. उचलतानाही जाळीच धरायची. ओल्या कापडाचं वजन लेसने पेलायचं नाही, हा माझा पहिला नियम.

गंजाचे ठिपके दिसले, तर ते आधी काढा. जुन्या टाचण्यांच्या खुणा म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, पण लोह आणि पुढे वापरायच्या पावडरमधून सुटणारं हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की नेमक्या त्या जागी तंतू झपाट्याने तुटतात आणि ठिपक्याचं भोक होतं. लिंबू आणि मीठ लावून ठेवावं, वाळू देऊ नये, आणि मग भरपूर पाण्याने आम्ल पूर्ण धुवून काढावं. रंगीत भरतकाम असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग सुटतो का ते पाहून मगच पुढे जावं.

आता पावडर. सोडियम परकार्बोनेट पाण्यात विरघळलं की त्यातून पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा मिळतो. चार लिटर कोमट पाण्याला एक मोठा चमचा मी घेते. पूर्ण विरघळल्यावरच कापड सोडते आणि अधूनमधून डोकावून बघत राहते. नीळ मी वापरत नाही. ती पिवळेपणा काढत नाही, निळ्या छटेने झाकते, आणि तिचे न विरघळणारे बारीक कण लेसच्या गाठींत जाऊन बसतात.

इतिहासाबद्दल थोडक्यात सांगायचं तर रसायनशास्त्रज्ञ शेलेने 1774 मध्ये क्लोरीन शोधला, रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेने 1785 च्या सुमारास तो कापडासाठी वापरला आणि ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 मध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. त्याआधी सगळी मदार राखेचा खार, आंबट ताक आणि उन्हावर होती. आपल्याकडेही परटाच्या भट्टीत खाराचं पाणी आणि वाफ होतीच. पण या कामात नाव गाजलं ते हॉलंडमधल्या हार्लेमचं. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात याकोब व्हान रुइसडालचं सतराव्या शतकातलं हार्लेमचं चित्र आहे, त्यासमोरून मला हलवेना. चित्राचा मोठा भाग आभाळच आहे, क्षितिजावर सेंट बावोचं चर्च, आणि खाली गवतावर पसरलेले लिननचे लांबच लांब पांढरे पट्टे. खार, ताक, ऊन, पुन्हा खार, असं महिनोन्‌महिने चालायचं. त्या ऊन-पाण्याच्या युक्तीचा आजही उपयोग होतो. ओलं कापड गवतावर सकाळच्या उन्हात ठेवा, सुकत आलं की पाणी शिंपडा. मात्र विरलेल्या कापडाला हे करू नये.

शेवटी वाळवणं. दोरीवर टाकू नका. टॉवेलवर सपाट पसरून, स्टेनलेस स्टीलच्या टाचण्यांनी लेसची एकेक कंगोरी तिच्या मूळ आकारात टोचून घ्या. साध्या टाचण्या गंजतात. इस्त्री उलट बाजूने, मऊ टॉवेलवर, आणि लेसवर शक्यतो नाहीच. ठेवताना घडी घालू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळी करा. खळ वापरण्याच्या दिवशीच द्यावी. खळ दिलेलं कापड पेटीत ठेवलं की कसर लागते.