जुन्या जीपचं ऑइल प्रेशर उतरलं तर

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात आणि आसपासच्या गावांत जुन्या जीपला अजून काम आहे. पावसाळ्यात काळ्या मातीतून शेत गाठायचं, सोयाबीनची पोती बांधावरून रस्त्याला आणायची, तर चारही चाकं ओढणारी गाडी लागते आणि नवी घेणं सगळ्यांना परवडत नाही. अशी जीप बहुतेक वेळा दोन-तीन मालकांच्या हातांतून आलेली असते. इंजिन शेवटचं कधी बांधलं, आत कोणत्या साइजच्या बेअरिंग घातल्या, याची नोंद कुणाकडे नसते. मग एक दिवस ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो आणि मालकाला दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, "जुनी गाडी आहे, चालायचंच." दुसरा म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." दोघांनीही काही मोजलेलं नसतं. पहिल्याचं ऐकलं तर क्रँक हातचा जाऊ शकतो आणि दुसऱ्याचं ऐकलं तर शे-दोनशे रुपयांच्या दोषापायी पूर्ण इंजिनाचं काम अंगावर येऊ शकतं.

दिवा लागला की इंजिन बंद

चालत्या गाडीत लाल दिवा लागला किंवा काटा शून्यावर गेला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. "चिखलीपर्यंत हळूहळू नेतो" हा विचार करू नका. दिव्याचं बटण साधारण ५ ते १० पाउंडांच्या खाली प्रेशर गेल्यावरच दिवा लावतं, म्हणजे दिवा लागतो तेव्हा शिल्लक फारशी उरलेली नसते. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला ऑइलचा थर तुटला की धातू धातूवर घासतो, आणि भाराखाली बेअरिंग जायला काही मिनिटं पुरतात.

सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबून ऑइलची काडी पाहा. उतारावर उभ्या गाडीत काडी खोटं सांगते. ऑइल कमी असेल तर भरा आणि गळती कुठे आहे ते शोधा. ऑइल खुणेच्या वर असेल तर ते जास्त काळजीचं. एकतर कुणीतरी ज्यादा ओतलंय आणि क्रँक त्याचा फेस करतोय, नाहीतर ऑइलमध्ये दुसरं काहीतरी मिसळतंय.

प्रेशर येतं कुठून

ऑइल पंप फक्त ऑइल ढकलतो. त्या ऑइलला बेअरिंगच्या अरुंद फटींतून वाट काढताना जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर उभं राहतं. ठिबक संच चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मोटार चांगली असली तरी नळीला मोठी भोकं पडली की शेवटच्या झाडापर्यंत दाब पोहोचत नाही. इंजिनात ती भोकं म्हणजे मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडच्या बिग एंड बेअरिंग, कॅमशाफ्टचे बुश आणि रॉकर शाफ्ट. मेन आणि बिग एंडमध्ये नव्या इंजिनाची फट साधारण ०.०४ ते ०.०८ मिलिमीटर असते. फटीतून वाहून जाणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. त्यामुळेच वर्षानुवर्षं हळूहळू झिजलेलं इंजिन एखाद्या उन्हाळ्यात अचानक प्रेशर सोडल्यासारखं वागतं. झीज जुनीच असते. मे महिन्यातल्या उन्हात खामगावकडून पठारावर चढताना ऑइल तापून पातळ होतं आणि ती उघडी पडते.

आपलं इंजिन कोणतं, हे ओळखा

मुंबईच्या माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तिथून महिंद्राच्या जीपचा प्रवास सुरू होतो. सीजे ३बी या उंच बॉनेटच्या गाडीत १३४ घनइंचाचं, म्हणजे सुमारे २,२०० सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं. त्याच्या जुन्या सर्व्हिस पुस्तिकेत किमान प्रेशर दिलेलं आहे: आयडलला ६ पाउंड आणि ताशी ३५ मैलांना २० पाउंड. आजच्या गाड्यांची सवय असलेल्याला हे आकडे फार कमी वाटतील. गरम हरिकेन इंजिनाने आयडलला ८-१० पाउंड दाखवले म्हणून घाबरायचं कारण नाही.

एमएम ५४० मध्ये प्यूजोचं एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं, पुढे अडीच लिटरची डिझेल इंजिनं आली. डिझेलमध्ये बेअरिंगवर भार जास्त असतो, म्हणून कमी प्रेशर पेट्रोलइतकं खपत नाही. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. पुस्तिका हाती नसेल तर गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पाउंड हा मेकॅनिकांचा जुना आडाखा कामचलाऊ धरता येतो.

हरिकेन इंजिनाच्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण नव्या पिढीच्या मेकॅनिकला त्या ठाऊक नसतात. एक, त्याच्या फिल्टरमधून सगळं ऑइल जात नाही. थोडं ऑइल बारीक भोकाच्या वाटेने फिल्टरमध्ये जातं आणि परत खालच्या ऑइल चेंबरमध्ये पडतं. कुणी ते बारीक भोक असलेली जोडणी काढून मोकळी नळी बसवली, तर ऑइल तिकडूनच पळतं आणि चांगल्या इंजिनाचंही प्रेशर पडतं. दुसरी, त्याचा डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. काटा शून्यावर आहे पण इंजिन सुरू आहे, तर निदान पंपाचा शाफ्ट फिरतोय एवढं नक्की. आणि पंप काढून पुन्हा बसवताना दात चुकला तर टायमिंगही चुकतं, हे लक्षात ठेवा.

गाडीच्या मीटरवर विसंबू नका

ब्लॉकमध्ये बसवलेला सेंडर हा या सगळ्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा. तो आतून झिजतो, त्याची वायर गंजते, बॉडीचं अर्थिंग सुटतं. म्हणून पहिलं काम म्हणजे सेंडर काढून त्याच चुडीत साधा यांत्रिक प्रेशर गेज लावणं. चुडी नीट जुळली पाहिजे. ओढूनताणून बसवलेला जोड गरम ऑइल अंगावर उडवतो.

मग इंजिन थंड असताना गाडी सुरू करून प्रेशर लिहून ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं भाराखाली पळवा. उभ्या गाडीत आयडलवर ऑइल पुरेसं तापत नाही आणि चाचणी फसते. परतल्यावर आयडल, १,००० आणि २,००० फेऱ्यांचे आकडे घ्या. हे चार आकडे कागदावर आले की निम्मं निदान झालं. जुनी जीप विकत घेणाऱ्यानेही हीच चाचणी मागावी, आणि विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर ती थंड होईपर्यंत थांबावं. थंड आणि गरम आकड्यांतला फरकच खरी गोष्ट सांगतो.

आकडे काय सांगतात

थंड इंजिनात प्रेशर भरपूर, गरम झाल्यावर आयडलला अगदी कमी, पण रेस दिली की चढतं: ही फटी वाढल्याची किंवा ऑइल पातळ झाल्याची खूण. यात आधी ऑइल तपासा, कारण ते सगळ्यांत स्वस्त. काडीवरचा थेंब बोटांत चोळून वास घ्या. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं असणं हा दोष नाही. त्याला डिझेलचा उग्र वास येणं आणि बोटांत चिकटपणा न लागणं हा दोष. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकून तासभर ठेवला तर डिझेल मिसळलेल्या थेंबाभोवती फिकट तेलकट कडं दूरवर पसरलेलं दिसतं. डायफ्रॅमचा फीड पंप फाटला, नोझल टपकत असलं किंवा डिझेल पंपाचं सील गेलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ते दुरुस्त करून ऑइल आणि फिल्टर बदलला की अनेकदा प्रेशर जागेवर येतं, आणि इंजिन खोलायची वेळच येत नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय; हेड गॅस्केटपासून शोध सुरू करा आणि तोवर गाडी चालवू नका.

थंड असतानाही कमी, गरम झाल्यावरही कमी आणि रेस दिली तरी काटा एका जागी अडकल्यासारखा, तर रिलीफ व्हॉल्व्हवर संशय घ्या. प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की ऑइल परत चेंबरमध्ये सोडणं हे त्याचं काम. त्याच्या जागेवर धातूचा कण अडकला किंवा स्प्रिंग थकली की तो कायमचा उघडा राहतो. काही इंजिनांत तो बाहेरून निघतो आणि तासाभराच्या साफसफाईत काम होतं. हरिकेनमध्ये स्प्रिंगमागे पातळ शिम घालून प्रेशर लावता येतं. मात्र झिजलेल्या इंजिनात शिम वाढवून गरम आयडलचं प्रेशर वाढत नाही, कारण तेव्हा व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो.

आयडलला ठीक, पण जास्त फेऱ्यांवर पडतं किंवा काटा थरथरतो, तर पंपाला ऑइल पुरेसं मिळत नाही. चेंबरमधली जाळी गाळाने किंवा सिलिकॉनच्या तुकड्यांनी भरली असेल. गॅस्केट लावताना हाताला येईल तितकं सिलिकॉन थापायची सवय इथे नडते. आतल्या बाजूला दाबलं गेलेलं जास्तीचं सिलिकॉन सुटून थेट जाळीवर जाऊन बसतं. सक्शन पाइपला बारीक तडा असेल किंवा त्याचं सील वाळलं असेल तर पंप ऑइलसोबत हवा ओढतो आणि काटा नाचतो.

फक्त चढावर किंवा नाल्यात आडवी असताना दिवा लागतो, तर ऑइल जाळीपासून दूर सरकतंय. पातळी आधी पाहा. कुणी दुसऱ्या मॉडेलचं चेंबर किंवा पाइप बसवलाय का, हेही पाहा. जुन्या जीपमध्ये असे मेळ बरेच असतात.

कान लावून ऐका

वर, टॅपेट कव्हरपाशी हलकी टिकटिक असेल तर धोका कमी. खालून, भार देताना खोल जड ठोका येत असेल तर मेन बेअरिंग. रेस सोडताना खडखड होत असेल तर बिग एंड. डिझेलमध्ये आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून तो सिलिंडर बंद पाडता येतो. ज्या सिलिंडरला आवाज बदलतो, तिथली बिग एंड बघायची. पाइपमधून सुटणारं डिझेल कातडी भेदून आत जाऊ शकतं, म्हणून हात दूर ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि नटावर जाड फडकं टाका. प्रेशर कमी आणि सोबत खालचा ठोका, अशी जोडी असेल तर गाडी दोरीने ओढूनच गॅरेजला न्यावी.

चेंबर उतरवल्यावर

ऑइल काळ्या डब्यात सोडू नका. पांढऱ्या पसरट भांड्यात, उन्हात सोडा. कण चमकतात. चुंबक फिरवला आणि कण चिकटले तर ते लोखंड-पोलादाचे: क्रँक, गिअर किंवा रिंगचे. चुंबकाला न चिकटणारी राखाडी किंवा तांबूस चमक बेअरिंगची. फिल्टर कापून त्याची घडी उलगडली की हेच आणखी स्पष्ट दिसतं.

आता एक-एक कॅप काढून बेअरिंगचा अर्धगोल पाहा. त्याची पाठ पोलादाची, त्यावर तांब्या-शिशाचा थर आणि सगळ्यांत वर मऊ राखाडी मुलामा. राखाडी रंग एकसारखा असेल तर बेअरिंग ठीक. भार घेणाऱ्या बाजूला राखाडी जाऊन तांबडं दिसू लागलं तर ती संपली. लांबीत ओरखडे असतील तर घाण ऑइलने केलेले. तांबडेपणा एकाच कडेला असेल तर रॉड वाकलाय किंवा क्रँक घासताना निमुळता झालाय. तिथे नुसती बेअरिंग बदलून उपयोग नाही. मायक्रोमीटरने क्रँक दोन-तीन ठिकाणी, आडवा-उभा मोजून घ्या. गोलाई बरोबर असेल तर त्याच मापाच्या नव्या बेअरिंग चालतात. नसेल तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज घालाव्या लागतात.

पंपही याच वेळी खोला. त्याच्या झाकणावर गिअरने गोल खाच पाडलेली असते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकण सपाट घासलं तर बऱ्याच पंपांना नवं आयुष्य मिळतं.

नव्याने बांधलेल्या इंजिनात प्रेशर नसेल

ही तक्रार मनाला फार लागते, कारण पैसे नुकतेच गेलेले असतात. आधी कॅमशाफ्टचे बुश आठवा. क्रँक नवा, बेअरिंग नव्या, पण कॅमचे बुश जुनेच ठेवले तर ऑइल तिथून पळतं. दुसरी शक्यता ऑइल गॅलरीच्या टोकाचा प्लग, जो ब्लॉक धुताना काढलेला असतो आणि बसवायचा राहून जातो. तिसरी म्हणजे पंप कोरडा बसवणं. अशा पंपाला पहिलं ऑइल ओढता येत नाही.

म्हणून पंप बसवण्याआधी त्यात ऑइल भरा, फिल्टरही भरून लावा. डिझेल तोडून किंवा कॉइलची वायर काढून स्टार्टरवर इंजिन थोडं थोडं फिरवा, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. यांत्रिक गेजचा काटा हलल्यावरच इंजिन सुरू करा. पहिल्या धावेनंतर गरम आयडलचा आकडा घेऊन तारीख आणि किलोमीटरसह टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला पक्क्या रंगाने लिहून ठेवा. पुढचं ऑइल लवकर बदला, आणि ते सोडायचंही पांढऱ्या भांड्यातच.