सहा बाटल्या, आठ नाकं

तिसऱ्या ग्लासवर आमचं एकमत फिसकटलं. "मिरी! ताजी कुटलेली मिरी," पाच जण एका सुरात म्हणाले. दोघांना काहीतरी मसालेदार जाणवत होतं, पण नाव सुचत नव्हतं. आठव्याने ग्लास पुन्हा पुन्हा नाकाशी नेला आणि शांतपणे सांगितलं, "मला जांभूळ येतंय. मिरी अजिबात नाही." हा मित्र निफाडकडचा द्राक्षबागायतदार. त्याचं आयुष्य बागेत गेलेलं, त्यामुळे आपलंच चुकतंय की काय, अशी शंका येऊन बाकीचे पुन्हा आपापल्या ग्लासकडे वळले.

चूक कुणाचीच नव्हती. ग्लासात शिराझ होती. शिराझला मिरीचा वास येतो तो रोटुंडोन नावाच्या द्रव्यामुळे, आणि काळ्या मिरीतही तेच द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांच्या चाचणीत साधारण दर पाचांतल्या एकाला हा वास, द्रव्याचं प्रमाण खूप वाढवूनही, येतच नव्हता. म्हणजे एकाच बाटलीतून आमच्या मित्राच्या वाट्याला खरोखरच वेगळी वाइन आली होती. रेड वाइन चाखायला चार माणसं का जमवावीत, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

अशा बैठकीला फार खर्च लागत नाही, शिस्त मात्र लागते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून आठ जणांना प्रत्येकी ३० मिलिलिटर दिली, तरी निम्म्याहून जास्त वाइन शिल्लक राहते. जेवताना आवडलेली पुन्हा घेता येते. सहा वाइन म्हणजे प्रत्येकी १८० मिलिलिटर. त्यातलीही चाखून थुंकायची असेल तर मध्ये एक भांडं ठेवावं. त्यात संकोच नको, व्यावसायिक चाखणारे हेच करतात. रेड वाइन घरातल्या तापमानाला द्यावी, हा नियम थंड देशांतल्या घरांचा आहे. आपल्याकडे बाटली फ्रीजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी, नाहीतर नाकाला आधी अल्कोहोलच झोंबतो. त्या संध्याकाळी अगरबत्ती, अत्तर आणि फोडणी या तिन्हींना सुट्टी. दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा पुरतो. झणझणीत चिवडा नंतर, कारण तिखटाने तोंड पोळलं की वाइन उगाच जहाल वाटते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे टाकायचे. डोळे नाकाला किती सहज फसवतात, हे बोर्दोमधल्या एका प्रयोगाने २००१ मध्ये दाखवलं. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वास नसलेला लाल रंग घातलेली व्हाइट वाइन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. लेबलाचा दबावही तसाच असतो. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये वाइन-व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर बोर्दो आणि कॅलिफोर्नियाच्या रेड वाइन नाव झाकून ठेवल्या. गुण वीसपैकी द्यायचे होते. पहिली आली कॅलिफोर्नियातल्या स्टॅग्ज लीपची १९७३ सालची कॅबर्ने सोविन्यों. बोर्दोची शातो मूतों-रोथशिल्ड दुसरी आली. जाणकार फ्रेंच जिभांनी दिलेला हा निकाल बाटल्या उघड्या असत्या तर लागला असता, असं मला वाटत नाही.

आमच्या टेबलावरच्या सगळ्या बाटल्या महाराष्ट्रातल्या होत्या. नारायणगावात ऐंशीच्या दशकात सुरू झालेला हा वाइन-उद्योग नव्वदच्या दशकाअखेर नाशिकमध्ये रुजला, आणि २००१ च्या राज्य धोरणाने त्याला बळ दिलं. आज नाशिकच्या शिराझशेजारी अकलूजकडची सांजोवेझे ठेवून चाखता येते. युरोपात वेल हिवाळ्यात निजते, आपल्याकडे ती निजतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. तिकडे काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, इथे जानेवारी ते मार्चमध्ये.

चाखताना आधी रंग, मग वास, मग घोट. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकटच असतो. लाली सालीतून उतरते, म्हणून रस सालींसकट आंबवतात. साल आणि बी यांच्यातून टॅनिनही येतं, आणि ओकच्या पिंपात वाइन मुरली तर त्यात थोडी भर पडते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे जीभ कोरडी पडते. इथे मराठी माणसाला परक्या शब्दकोशाची गरज पडत नाही. ब्लॅककरंट आपण झाडावर पाहिलेलं नसतं, पण तुरटपणाच्या पायऱ्या आपल्या जिभेला पाठ आहेत. आमच्या वह्यांमध्ये त्या संध्याकाळी उतरलं ते असं: पहिली वाइन पिकल्या जांभळासारखी, जीभ जरा ओढणारी, दुसरी कोकमासारखी आंबट आणि सुटसुटीत, चौथी बराच वेळ उकळलेल्या कोऱ्या चहासारखी, सहावीत जायफळ आणि जुन्या लाकडी पेटीचा वास. प्रत्येकाने आधी गप्प राहून लिहायचं आणि मगच बोलायचं, हा आमचा नियम. मोठ्याने बोललेला पहिला शब्द इतरांच्या नाकात शिरतो.

पाचव्या ग्लासवर पुन्हा सगळे अडखळले. कुणी कच्चं म्हणालं, कुणी हिरवं, एकीने गवत लिहिलं. बागायतदार मित्राने एकदाच वास घेतला. "ढोबळी मिरची," तो म्हणाला. "पानं दाट ठेवलेली दिसतात. घडांना ऊन कमी मिळालं असणार."

कागद काढला तर कॅबर्ने सोविन्यों निघाली. या जातीत पायराझिन नावाची द्रव्यं असतात. ढोबळी मिरचीचा वास त्यांचाच असतो, आणि घडांवर ऊन पडलं, फळ नीट पिकलं की तो ओसरतो. बाग कशी वाढवली होती याची खात्री आम्हाला ग्लासातून करता येणार नव्हती. पण मिरी न येणाऱ्या त्या नाकाने वेलीची पानं वाचली होती. त्याचं बोलणं ऐकून आम्ही सातही जणांनी पुन्हा वास घेतला, आणि मघाच्या त्या बिननावाच्या हिरवेपणात ढोबळी मिरची स्पष्ट सापडली. त्याच्यासाठी मीही स्वयंपाकघरातून चार मिरे कुटून आणले. तिसरा ग्लास आणि मिरी आलटून पालटून हुंगत तो बराच वेळ बसला. मग वही उघडली आणि जांभळाच्या खाली लिहिलं, 'मिरी – बाकीच्यांना.'