दंडाची जुनी पावती फेकू नका, वनदाव्यात तीच पुरावा

धडगाव : स्वतःच्याच जैतुनाच्या बागेत जायला परवाना मागणाऱ्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचे व्हिडिओ आपल्याकडेही मोबाईलवर फिरतात. वेस्ट बँक हा भाग १९६७ पासून इस्रायलच्या लष्करी ताब्यात आहे. त्यातल्या जवळपास ६० टक्के भागात घर बांधायचं म्हटलं तरी इस्रायलची परवानगी लागते, आणि ती क्वचितच मिळते. बाग कुंपणाच्या पलीकडे गेली तर फळं उतरवायलाही परवाना. तुर्कांच्या राजवटीतल्या १८५८ च्या जमीन कायद्यावर बोट ठेवून पडीक दिसणारी जमीन तिथं सरकारी ठरवली जाते.

सातपुड्यात परकं लष्कर नाही. इथं मत आहे, कोर्ट आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सारखंच म्हणणं बरोबर नाही. पण कसायचं एकानं आणि कागद दुसऱ्याचा, हे धडगाव-अक्कलकुव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं जंगल राखीव करायला घेतलं, तेव्हापासून डोंगरावर नांगर धरणारा 'अतिक्रमणदार' झाला. दंड भरा, पावती घ्या, पुढच्या पावसाळ्यात परत तेच. सातबारा नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही. मका-ज्वारी घरात आली की मजुरीला गुजरात.

गंमत अशी, की जी पावती गुन्ह्याची म्हणून लपवली, तीच आता कामाची आहे. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असेल, तर प्रत्यक्ष कसणुकीएवढी, जास्तीत जास्त ४ हेक्टर जमीन त्याच्या हक्काची. पुरावे एकाहून जास्त लागतात. वनविभागाच्या जुन्या नोंदी, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, शेतातले बांध, जुनं झोपडं आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, हे सगळं चालतं. जबाब देणारा मात्र स्वतः दावेदार नको.

दावा ग्रामसभेत द्यायचा. गावची वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते, मग प्रकरण उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. तो वारसाला जातो, विकता येत नाही.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. नुसतं तोंडी 'नामंजूर' ऐकून घरी येऊ नका. अपिलाला ६० दिवस असतात. जिल्हा समितीनंही नाकारलं तर आपल्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून विभागीय समितीकडे, म्हणजे नाशिकला, दाद मागता येते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याचा आदेश सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला होता, पण त्याच महिन्यात कोर्टानंच तो थांबवला.

पावतीची शाई उडत चालली असेल तर आजच मोबाईलवर फोटो काढा. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत, चुलीचा धूर आणि वाळवीपासून लांब ठेवा.