उन्हाळ्यात म्हैस का आटते?

नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकला की लस्सीच्या दुकानांवर गर्दी वाढते, आणि नेमके त्याच वेळी म्हशीचे दूध कमी होते. दूधवाला भाव वाढवायला सबब सांगतो, असे आपल्याला वाटते. पण त्याचे म्हणणे बरेचसे खरे असते.

काळी कातडी ऊन शोषून घेते, अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा बऱ्याच कमी. घाम गाळून अंग थंड करणे म्हशीला फारसे जमत नाही. म्हणून ती डबक्यात डुंबते, अंगाला चिखल फासून घेते. आपण त्याला आळस म्हणतो; तिच्यासाठी ती शरीराचे तापमान राखण्याची सोय आहे. शहरालगतच्या गोठ्यांतल्या म्हशींना आता तळे दिसत नाही. मग ती धापा टाकते, चारा कमी खाते आणि दूध घटते.

दुसरे कारण आधीच्या वर्षात दडलेले असते. दिवस लहान होऊ लागले की म्हशी माजावर येतात. गाभणकाळ सुमारे दहा महिन्यांचा, त्यामुळे बहुतेक म्हशी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात आणि मे येईपर्यंत भाकडीकडे झुकतात. उन्हाळ्यात माज आला तरी तो मुका असतो; म्हैस ओरडत नाही, मालकाच्या लक्षात येत नाही आणि वर्ष वाया जाते. इटलीतही हीच अडचण आहे. तिथे म्हशीच्या दुधाच्या मोझरेला चीजला उन्हाळ्यात मागणी असते, म्हणून काही पशुपालक शरद ऋतूत रेडे कळपापासून वेगळे ठेवतात आणि विण्याचा हंगाम पुढे ढकलतात.

आपल्याकडे यावर सोपा उपाय म्हणून हरियाणाची मुऱ्हा आणली जाते. ती दूध जास्त देते, यात शंका नाही. पण विदर्भाची स्वतःची नागपुरी म्हैस आहे. अचलपूरच्या जुन्या नावावरून तिला एलिचपुरीही म्हणतात. मानेवरून मागे खांद्यापर्यंत गेलेली लांब, चपटी, तलवारीसारखी शिंगे ही तिची खूण. एका वेताला साधारण हजार लिटर दूध, पण स्निग्धांश सात टक्क्यांच्या वर, आणि इथले ऊन व साधा चारा सोसण्याची ताकद. फक्त लिटर मोजले तर ती हरते. पण मुऱ्ह्याला लागणारे पंखे, फवारे आणि चारा हिशेबात धरला, तर लहान पशुपालकासाठी उत्तर वेगळे येऊ शकते. हा हिशेब फार थोडे जण मांडतात, हे मात्र खटकते.

म्हैस कोणतीही असो, दुपारी सावली हवी आणि दोन-तीनदा अंगावर पाणी. कोरडे कुटार पचताना पोटात उष्णता जास्त तयार होते, म्हणून ते संध्याकाळनंतर घालावे. दिवसा हिरवा चारा. पिण्याचे पाणी सतत समोर हवे आणि टाके उन्हात नको. माज पाहायचा तो पहाटे आणि रात्री. कृत्रिम रेतन करताना रेत कोणत्या जातीचे आहे, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवावे. पुढची वगार आपल्या गोठ्यातले ऊन सोसणार की नाही, ते बरेचसे तिथेच ठरते.