नोंद नसेल, तर हक्कही नाही
दिल्लीत एका दिवंगत चित्रकाराच्या घरी मी गेलो, तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेल्या बहुतेक चित्रांवर ना वर्ष होते, ना शीर्षक. विकलेली चित्रे कोणाकडे गेली, हे त्यांच्या कन्येलाही ठाऊक नव्हते. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५३-अ नुसार, मूळ चित्र १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास कलावंताला वा वारसांना १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. परंतु कोणते चित्र, कधी, कोणाला दिले, हेच सांगता येत नसेल, तर मागणी करायची कशाच्या आधारे? छायाचित्र, माप, माध्यम, वर्ष, खरेदीदाराचे नाव आणि पावती, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. कला महाविद्यालयांनी ही सवय पहिल्याच वर्षापासून लावावी, असे मला वाटते.