संगणकातले दप्तर हलके कसे ठेवावे?

फीची पावती निघेपर्यंत कार्यालयातल्या संगणकाच्या पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि रांगेतले पालक म्हणतात, “आता नवा संगणक घ्या!” विश्वस्त मंडळापुढे खर्चाचा प्रस्तावही येतो. पण पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो, आत साठलेल्या माहितीचा असतो.

डेटाबेस म्हणजे तक्त्यांचा संग्रह. समजा, एका शाळेत ८०० विद्यार्थी आहेत आणि वर्षाचे २२० दिवस हजेरी लागते. एका वर्षात हजेरीच्या १,७६,००० नोंदी होतात, दहा वर्षांत १७,६०,०००! विद्यार्थ्यांच्या नावांचा तक्ता त्यामानाने अगदी लहान असतो. फुगते ती हजेरी.

तक्त्याला सूची म्हणजे इंडेक्स नसेल, तर एक नाव शोधण्यासाठी संगणक पहिल्या ओळीपासून वाचत सुटतो. नोंदी दुप्पट झाल्या की वेळही साधारण दुप्पट. सूची असेल तर शब्दकोशात शब्द शोधावा तसे काम होते. प्रत्येक वेळी निम्मा भाग बाद करत गेले, तर हजार नोंदींत सुमारे १० पायऱ्या लागतात आणि दहा लाखांत केवळ २०. (गणिताच्या तासाला करून पाहा.) तेव्हा आधी सूची आहे का, ते तपासावे. मात्र वार्षिक अहवाल काढताना किंवा बॅकअप घेताना सगळाच तक्ता वाचावा लागतो. तिथे सूचीचा फारसा उपयोग नाही, आकारच कमी हवा.

मग जुन्या नोंदी पुसल्या की झाले? नाही. फॉक्सप्रोमध्ये ‘डिलीट’ केलेल्या ओळीवर नुसती खूण होते, ओळ फाइलमध्येच राहते. ‘पॅक’ ही आज्ञा दिल्यावरच ती जाते. अ‍ॅक्सेसमध्ये याच कामासाठी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ आहे, आणि मोबाइलमधल्या असंख्य अ‍ॅप्सच्या पोटात असलेल्या एसक्यूलाइटमध्ये ‘व्हॅक्यूम’. ही कामे बॅकअप घेऊन, इतर सर्वांनी प्रोग्रॅम बंद केल्यावरच करावीत.

फोटो तर डेटाबेसमध्ये कोंबूच नयेत. प्रत्येकी ३ एमबीचे ८०० फोटो म्हणजे २,४०० एमबी. अ‍ॅक्सेसच्या एका फाइलची मर्यादाच २ जीबी आहे! फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, तक्त्यात फक्त त्यांचा पत्ता लिहावा.

आता महत्त्वाची गोष्ट. हलके करणे म्हणजे फेकणे नव्हे. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी चाळीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थीही दाखला मागायला येतो. जनरल रजिस्टरच्या नोंदींना हात लावायचा नाही. जुनी रोजची हजेरी वेगळ्या फाइलमध्ये हलवावी आणि चालू डेटाबेसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची वर्षाची एकच बेरीज ठेवावी. मग १७,६०,००० ओळींच्या जागी ८,००० उरतात.

हलवलेल्या फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात. त्यातली एक सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात हवी, कारण सॉफ्टवेअरही म्हातारे होते. व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९ ही शेवटची आवृत्ती २००४ साली आली आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा आधारही काढून घेतला. साधा मजकूर मात्र कोणत्याही संगणकावर उघडतो. दर जूनमध्ये ती फाइल एकदा उघडून दोन-चार नावे कागदी रजिस्टरशी ताडून पाहावीत.